पंगतीतली आमटी आणि अंटार्क्टिकाचा बर्फ



आज मी तुमच्याशी झाशी जिल्ह्यातल्या समथर या गावातून बोलतोय. बेतवा आणि पहुज या दोन नद्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यातलं हे गाव. स्वातंत्र्यापूर्वी एक छोटं संस्थान होतं, किल्ला अजून उभा आहे. झाशी-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांना हा मुलूख परका नाही. पण आजचा विषय मात्र इथून हजारो किलोमीटर दूरचा आहे: ध्रुवावरचा बर्फ आणि त्या बर्फातल्या पाण्याचं वजन.

तुम्ही म्हणाल, बुंदेलखंडात बसून अंटार्क्टिकाच्या गप्पा कशाला? इथे उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात, पाऊस एखाद्या वर्षी धो धो आणि पुढची दोन वर्षं रुसलेला. इथल्या माणसाला पाण्याचा प्रश्न विचारा, तो बर्फाकडे कशाला बघेल? हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. उत्तर शेवटी देतो. त्याआधी थोडं विज्ञान समजून घेऊ. कठीण नाही. आठवी-नववीचं रसायनशास्त्र आणि पंगतीत जेवल्याचा अनुभव एवढी शिदोरी पुरे.

पाणी म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, हे आपण पाठ केलेलं आहे. पण सगळे ऑक्सिजन अणू एकाच वजनाचे नसतात. ऑक्सिजनच्या अणुकेंद्रात ८ प्रोटॉन असतातच. बहुतेक अणूंमध्ये न्यूट्रॉनही ८ असतात. ८ आणि ८ मिळून १६, म्हणून तो ऑक्सिजन १६. काही थोड्या अणूंमध्ये मात्र न्यूट्रॉन १० असतात. तो ऑक्सिजन १८. रासायनिक वागणूक सारखीच, फक्त अंगाने जड. अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात. हायड्रोजनचंही तसंच आहे. साधा हायड्रोजन १ वजनाचा आणि त्याचा जड भाऊ २ वजनाचा, म्हणजे ड्युटेरियम. हॅरोल्ड युरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो १९३१ मध्ये शोधला आणि १९३४ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं.

या समस्थानिकांना आपण ‘स्थिर’ म्हणतो, कारण ती किरणोत्सर्गी नाहीत. कार्बन १४ हळूहळू क्षय पावतो, म्हणून त्यावरून वय काढता येतं. ऑक्सिजन १८ क्षय पावत नाही. आठ लाख वर्षं बर्फात पडून राहिला तरी तो ऑक्सिजन १८च राहतो. म्हणून त्याच्यावरून वय काढता येत नाही. पण तो जिथे, ज्या हवामानात पडला, त्याची खूण तो जपून ठेवतो.

आता प्रमाण बघा. समुद्राच्या पाण्यात दर १० लाख ऑक्सिजन १६ मागे ऑक्सिजन १८ असतात सुमारे २००५. म्हणजे ढोबळमानाने पाचशेत एक. हे प्रमाण सगळीकडे अगदी तेवढंच असतं, तर आजचं व्याख्यान इथेच संपलं असतं. गंमत अशी की ते सगळीकडे सारखं नसतं.

समुद्रावर ऊन पडतं, पाण्याची वाफ होते. हलके रेणू चटकन उडतात, जड रेणू जरा मागे रेंगाळतात. त्यामुळे वाफेत जड रेणूंचं प्रमाण समुद्रापेक्षा थोडं कमी असतं. २५ अंश सेल्सिअसला हा फरक हजारी ९च्या आसपास असतो. मग ही वाफ ढगात जाते आणि थंड होऊन पाऊस पडू लागतो. आता उलटं घडतं. वाफेचं पाणी होताना जड रेणू आधी खाली उतरतात. ढग पुढे सरकतो तसा त्यातला जड भाग कमी कमी होत जातो.

इथे पंगत आठवा. जुन्या पद्धतीची, पाटांवर बसलेली लांबलचक रांग. वाढपी आमटीचं भांडं घेऊन निघतो. पहिल्या पानांवर दाट आमटी पडते, डाळ भरपूर. वाढपी पुढे जातो, भांड्यातली डाळ संपत जाते. रांगेच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या वाटीत नुसतं पाणी, वर चार मोहऱ्या. ढग हा तो वाढपी. समुद्रकाठची गावं पहिल्या पानांवर बसलेली, आणि दक्षिण ध्रुव पंगतीच्या अगदी टोकाला. अर्थात आमटीत डाळ तळाशी बसते आणि ढगात जड रेणू तळाशी बसत नाहीत, ते फक्त आधी थेंबात उतरतात. पण हिशोब तोच.

आणि समथर? समथर पंगतीच्या मधोमध. बंगालच्या उपसागरात तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रं ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश करत इकडे येतात. वाटेत त्यांनी बरीच आमटी वाढलेली असते. किनाऱ्यापासून आत जावं तसं पावसाचं पाणी हलकं होत जातं, या गोष्टीला शास्त्रज्ञ ‘खंडीय परिणाम’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी १९६०च्या सुमारास जगभरच्या पावसातली समस्थानिकं मोजण्याचं जाळं उभं केलं. त्यात आपली मुंबई आणि नवी दिल्ली ही केंद्रंही होती.

मग ध्रुवावरच्या बर्फाचा तापमानाशी संबंध कसा आला? ढगात किती वाफ शिल्लक राहू शकते, हे हवेच्या तापमानावर ठरतं. गरम हवा पुष्कळ वाफ धरते, थंड हवा फार थोडी. उणे ५० अंशांच्या हवेत वाफ जवळजवळ उरतच नाही. म्हणजे ध्रुवावर जितकी थंडी जास्त, तितकं ढगाचं भांडं तिथे पोचेपर्यंत जास्त रिकामं झालेलं, आणि तिथे पडणारा बर्फ तितका हलका. थंड वर्षाचा बर्फ हलका, त्यामानाने उबदार वर्षाचा बर्फ जरा जड. इतकं साधं आहे हे. बर्फाचे थर एकावर एक साचत गेले, म्हणजे तापमानाची रोजनिशीच तयार झाली.

हे पहिल्यांदा स्पष्टपणे कोणाच्या लक्षात आलं? विली डान्सगार्ड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाच्या. २१ जून १९५२, शनिवार. कोपनहेगनमध्ये पाऊस सुरू झाला. या गृहस्थांनी आपल्या बागेत बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात एक फनेल बसवलं आणि पावसाचं पाणी गोळा केलं. पाऊस पुढे सरकत होता तशा बाटल्या बदलल्या. मग प्रयोगशाळेतल्या वस्तुमान वर्णपटमापकावर ते पाणी मोजलं. वेगवेगळ्या पावसाचं वजन वेगवेगळं निघालं. त्यावरून त्यांच्या मनात आलं की ग्रीनलंडच्या बर्फात जुन्या काळचं पाऊसपाणी साठलेलं आहे, तर तेही मोजता येईल. काही हजार वर्षांपूर्वीची थंडी मोजण्याची कल्पना एका बाटलीतून निघाली. १९६४ मध्ये त्यांनी पावसातल्या स्थिर समस्थानिकांवर जो शोधनिबंध लिहिला, तो या विषयाचा पाया मानला जातो.

त्यांना पहिली मोठी संधी मिळाली ती कॅम्प सेंच्युरीमुळे. ग्रीनलंडच्या बर्फाखाली अमेरिकी सैन्याने उभारलेला हा तळ. तिथे १९६६ मध्ये बर्फ आरपार छेदून यंत्र तळाच्या खडकापर्यंत पोचलं, सुमारे १,३९० मीटर. डान्सगार्ड आणि सहकाऱ्यांनी तो गाभा मोजून १९६९ मध्ये निष्कर्ष मांडले. शेवटचं हिमयुग त्या आकड्यांमध्ये स्पष्ट दिसत होतं. पुढे अंटार्क्टिकातल्या रशियाच्या व्होस्तोक तळावर १९९८ मध्ये ३,६२३ मीटरपर्यंत गाभा निघाला, त्यातून चार लाखांहून अधिक वर्षांची नोंद मिळाली. युरोपीय देशांच्या डोम सी इथल्या गाभ्याने ती आठ लाख वर्षांपर्यंत नेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागात, लिटल डोम सी इथे, २,८०० मीटर खोलीवर खडक लागला. तिथला बर्फ १२ लाख वर्षांहून जुना असल्याचं त्या गटाने जाहीर केलं.

आता आपल्या घरचं बघू. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिथे उतरली. आधी दक्षिण गंगोत्री, मग मैत्री, मग भारती अशी आपली स्थानकं झाली. १९९८ मध्ये गोव्यात वास्को इथे राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्र सुरू झालं. आज त्याचं नाव राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. समुद्राकाठी, नारळाच्या झाडांच्या गोव्यात, उणे २० अंशांच्या खोल्यांमध्ये अंटार्क्टिकाचा बर्फ जपून ठेवलेला आहे. बाहेर घामाच्या धारा, आत जाड कोट घातलेली माणसं करवतीने बर्फ कापतायत. असं दृश्य आपल्या देशात आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी क्वीन मॉड लँडच्या किनारी भागातून काही गाभे आणले. त्यातला एक गाभा ६५ मीटरचा. त्यात १९०५ ते २००५ अशी शंभर वर्षांची नोंद सापडली. दुसरा ६२ मीटरच्या आसपासचा, पण त्यात साडेचारशेहून जास्त वर्षं. लांबी जवळपास सारखी आणि वर्षांत एवढा फरक, कारण एका जागी बर्फ जास्त पडतो, दुसऱ्या जागी कमी. जिथे जास्त पडतो, तिथे वर्षावर्षाचे थर जाड असतात, उन्हाळा-हिवाळा वेगळा वाचता येतो. जिथे कमी पडतो, तिथे खूप मागे जाता येतं पण अक्षरं बारीक होतात. शंभर वर्षांच्या गाभ्यातल्या ऑक्सिजनच्या नोंदीत दक्षिण ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांच्या चढउतारांचा आणि प्रशांत महासागरातल्या एल निनोचा ठसा आढळला. एल निनो म्हटलं की आपल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तोच एल निनो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या बर्फातही सही करून गेलेला आहे.

आता मोजणी कशी होते, ते सांगतो. तिथेच खरी कसोटी आहे.

आधी परिमाण. शास्त्रज्ञ थेट ‘दहा लाखांत इतके’ असं सांगत नाहीत. ते प्रमाणित समुद्रजलाशी तुलना करतात. व्हिएन्नात ठरवलेलं एक प्रमाणित पाणी आहे, त्याची किंमत शून्य मानायची. नमुन्यात जड ऑक्सिजन त्याहून हजारी किती कमी किंवा जास्त, तो आकडा म्हणजे डेल्टा. समजा बर्फाचा डेल्टा उणे ४० आला. म्हणजे जड ऑक्सिजन हजारी ४० कमी. समुद्रात १० लाखांमागे २००५ होते, इथे सुमारे १९२५ उरले. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात हा आकडा उणे ५०च्याही खाली जातो.

आता अचूकतेचा विचार करा. तापमान १ अंशाने बदललं, तर ध्रुवीय बर्फातला ऑक्सिजनचा डेल्टा हजारी ०.७च्या आसपास बदलतो. म्हणजे दहा लाखांत जेमतेम दीड अणूचा फरक. आणि चांगली प्रयोगशाळा हजारी ०.१ पर्यंत अचूक मोजते, म्हणजे एक कोटी अणूंमागे दोन. एक कोटी ज्वारीच्या दाण्यांत दोन दाणे कमी-जास्त झाले, हे ओळखण्यासारखं.

हे साधायचं तर चूक शिरण्याची प्रत्येक फट बुजवावी लागते. गाभा यंत्राने बाहेर काढला की गोठलेलाच ठेवायचा. जहाजात गोठलेला, बंदरात गोठलेला, ट्रकमध्ये गोठलेला. शीतखोलीत करवतीने त्याचे काही सेंटिमीटरचे तुकडे करायचे, बाहेरचा हाताळलेला भाग खरवडून टाकायचा. मग तुकडा बंद पिशवीत वितळवायचा. उघड्यावर का नाही? कारण उघड्यावर वितळला तर थोडी वाफ होणारच, आणि वाफेबरोबर हलके रेणू आधी पळणार. उरलेलं पाणी जड होणार आणि त्या वर्षी अंटार्क्टिका होता त्याहून उबदार दिसणार. बाटलीसुद्धा काठोकाठ भरायची, झाकणाखाली हवेला जागा ठेवायची नाही. झाकण सैल राहिलं, तर त्या एका बाटलीत खोटा उन्हाळा तयार होतो.

पूर्वी मोजणी वस्तुमान वर्णपटमापकावरच होई. पाण्याशी कार्बन डायऑक्साइड वायू कित्येक तास मिसळत ठेवायचा, दोघांतले ऑक्सिजन अदलाबदल करून समतोलात आले की तो वायू यंत्रात सोडायचा. चुंबकीय क्षेत्रात जड आणि हलके रेणू वेगळ्या वळणाने जातात, ते मोजायचे. आजही ही पद्धत आहे. पण आता बऱ्याच ठिकाणी लेसर वापरतात. एका छोट्या पोकळीत अतिशय तकतकीत आरसे बसवलेले असतात. पाण्याची वाफ आत सोडायची आणि लेसरचा झोत आरशांमध्ये फिरवायचा. इंचांच्या मापाच्या त्या पोकळीत प्रकाश कित्येक किलोमीटर धावतो. मग लेसर बंद करायचा आणि आतला प्रकाश किती लवकर विझतो ते बघायचं. जड आणि हलके रेणू वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, त्यामुळे कोण किती आहे ते कळतं.

या यंत्राला एक खोड आहे. आधीच्या नमुन्याचा ओलावा आत थोडा रेंगाळतो. दुधाच्या भांड्यात लगेच ताक ओतलं, तर चव बिघडते ना, तसंच. म्हणून एकच नमुना पाच-सहा वेळा आत सोडतात, पहिल्या काही मोजण्या टाकून देतात आणि शेवटच्या धरतात. दर काही नमुन्यांनंतर ज्याचा डेल्टा आधीच ठाऊक आहे असं पाणी मोजून यंत्र बरोबर बोलतंय का ते तपासतात. ही कामं कंटाळवाणी आहेत. पण जगाचं तापमान किती बदललं या चर्चेचा मोठा भाग या कंटाळवाण्या कामावर उभा आहे.

थर कोणत्या सालचा हे कसं ओळखतात, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. वरच्या भागात उन्हाळे-हिवाळे मोजत खाली जायचं, झाडाच्या वर्तुळांसारखं. मधे मधे मैलाचे दगड मिळतात. १८१५चा तांबोरा, १८८३चा क्राकाटोआ, १९६३चा आगुंग, या इंडोनेशियातल्या ज्वालामुखींची गंधकयुक्त राख आणि वायू ध्रुवापर्यंत पोचले होते. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा किरणोत्सर्गी थरही सापडतो. या खुणांशी मोजणी जुळली की साल पक्कं होतं.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. डेल्टा मोजणं आणि तापमान जाणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९९०च्या दशकात ग्रीनलंडच्या माथ्यावर दोन खोल गाभे काढले गेले, दोन्ही तीन किलोमीटरहून जास्त. हिमयुगाच्या थरांतला डेल्टा मोजला आणि आजच्या नियमाने, म्हणजे अंशाला हजारी ०.७ या दराने, हिशोब केला. उत्तर आलं की हिमयुगात ग्रीनलंड आजच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी थंड होतं. मग शास्त्रज्ञांनी त्याच भोकांमध्ये तापमापक सोडले. जाड बर्फ उष्णता फार हळू सोडतो. हिमयुगातली थंडी अजून त्याच्या पोटात शिल्लक असते. त्या मोजणीचं उत्तर आलं वीस अंशांहून जास्त. जवळपास दुप्पट!

डेल्टा चुकीचा मोजला होता का? नाही. अणू बरोबर मोजले होते, नियम लावण्यात घोटाळा होता. कारण असं की बर्फ फक्त पडतो तेव्हाच लिहितो. हिमयुगात ग्रीनलंडवर हिवाळ्यात फारच कमी बर्फ पडे, जो पडे तो जास्त करून उन्हाळ्यात. म्हणजे रोजनिशीत उन्हाळ्याची पानं भरलेली, हिवाळ्याची कोरी. ती वाचून वर्षाचं सरासरी तापमान काढलं, तर ते आहे त्याहून उबदार दिसणारच. समथरच्या गच्चीवर वर्षभर बाटली ठेवली, तर त्यात जमणारं पाणी मुख्यतः आषाढ-श्रावण-भाद्रपदाचं असेल. पौषातल्या थंडीची त्या बाटलीला खबरच नाही. त्या पाण्यावरून इथला हिवाळा सांगू लागलो तर फसू.

हे मी मुद्दाम सांगतोय. हवामानबदलावर बोलताना दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, शास्त्रज्ञांचा प्रत्येक आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसरे म्हणतात, बघा, आकडा बदलला, म्हणजे सगळं थोतांड. दोघंही चुकतात. ग्रीनलंडचा आकडा शास्त्रज्ञांनीच दुसऱ्या पद्धतीने तपासला आणि दुरुस्त केला. आणि दुरुस्तीनंतर काय निघालं? हवामान आपण समजत होतो त्याहून जास्त हलतं. दुरुस्ती दिलासा देणारी नव्हती, काळजी वाढवणारी होती.

आता हिमालयाकडे वळू, कारण तिथे आपला मॉन्सून आहे. ध्रुवावर डेल्टा मुख्यतः तापमान सांगतो. पण आपल्याकडच्या पट्ट्यात पावसाचं प्रमाणही त्यात मिसळतं. जोरदार पावसाचं पाणी जास्त हलकं असतं. त्यामुळे हिमालयातल्या बर्फाचा एकच आकडा दोन तऱ्हांनी वाचता येतो, थंडी म्हणून किंवा भरघोस मॉन्सून म्हणून. यावर शास्त्रज्ञांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. म्हणून एकट्या समस्थानिकांवर विसंबत नाहीत, धूळ आणि क्षारही मोजतात.

अमेरिकेतले लॉनी थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिबेटच्या हद्दीतल्या, नेपाळ सीमेजवळच्या दासुओपू हिमनदीवर ७,२०० मीटर उंचीवर गाभे काढले. त्यात एक हजार वर्षांची नोंद मिळाली. १७९० ते १७९६ या वर्षांच्या थरांत धूळ आणि क्षार एकदम वाढलेले. म्हणजे मॉन्सून कोसळला, जमीन वाळली, वाऱ्याने माती उडून हिमालयाच्या माथ्यापर्यंत गेली. हा काळ आपल्या इतिहासात ओळखीचा आहे. पुण्यात नाना फडणवीस कारभार पाहत होते, तेव्हा १७९१-९२ मध्ये दख्खनपासून गुजरात-मारवाडपर्यंत भयंकर दुष्काळ पडला. प्रेतं उचलायला माणसं उरली नाहीत म्हणून त्याला कवट्यांचा दुष्काळ म्हटलं गेलं. आपल्या बखरी-दफ्तरांत असलेलं दुःख त्या बर्फानेही नोंदवून ठेवलं होतं. १८७६-७७च्या दुष्काळाची खूणही त्यात आहे.

आणि आता काळजीची गोष्ट. याच गटाने २००६ मध्ये मानसरोवराजवळच्या नायमोनान्यी हिमनदीचा गाभा काढला. त्यात १९५०-६०च्या अणुचाचण्यांचा थर शोधला. जगभर जिथे तिथे सापडणारा तो थर तिथे सापडलाच नाही. याचा अर्थ असा की त्यानंतर साठलेला सगळा बर्फ वितळून गेलेला आहे. रोजनिशीची वरची पानं जळाली आहेत, आणि जळणं वरून खाली चालू आहे. वितळलेलं पाणी खालच्या थरांत झिरपलं की तिथलीही शाई पसरते. मोजायचं यंत्र कितीही चांगलं आणा, जो थर वाहून गेला त्याचा डेल्टा कोण सांगणार?

म्हणूनच आपल्या गोव्याच्या केंद्राने हिमाचलातल्या स्पितीमध्ये २०१६ मध्ये ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र सुरू केलं, तेरा हजार फुटांहून उंचावर, हिमनद्यांवर सतत लक्ष ठेवण्यासाठी. आणि म्हणूनच काही देशांतले शास्त्रज्ञ जगभरच्या पर्वतांतले गाभे अंटार्क्टिकातल्या कॉन्कॉर्डिया तळापाशी, नैसर्गिक थंडीत, पुढच्या पिढ्यांसाठी जपण्याच्या कामाला लागले आहेत. वीज गेली तरी तिथला बर्फ वितळत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. समथरच्या शेतकऱ्याला याचा काय उपयोग?

पहिला उपयोग थेट आहे. जी मोजणी ध्रुवीय बर्फाची, तीच विहिरीच्या पाण्याची करता येते. या भागात एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या पारीछाच्या धरणातून बेतवा कालवा निघतो. धरणात साठलेलं पाणी उन्हात तापतं, हलके रेणू उडून जातात, ते पाणी जड होतं. शिवाय बाष्पीभवन झालेल्या पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचं आपसातलं गणितही बदलतं. त्यामुळे विहिरीतलं पाणी थेट पावसाचं मुरलेलं, की कालव्याचं झिरपलेलं, हे ओळखता येतं. शेततळी खणायची की ओढ्यावर बंधारे घालायचे, हे ठरवताना अशी माहिती कामाची असते. पुण्याची उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा इथे आपल्या पावसाच्या आणि पाण्याच्या समस्थानिकांवर काम होत आलेलं आहे.

दुसरा उपयोग लांबून येतो, पण मोठा आहे. ध्रुवीय बर्फात हवेचे बुडबुडेही अडकलेले असतात. त्यांतून कळतं की गेल्या आठ लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १८० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिला. आज तो ४२०च्या वर आहे. त्याच बर्फातली समस्थानिकं सांगतात की तो वायू आणि तापमान बरोबरीने वर-खाली होत आले आहेत. पुढच्या जून महिन्यात समथरला पाऊस कधी येईल, हे अंटार्क्टिकाचा बर्फ सांगणार नाही. तसं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. पण उद्याच्या मॉन्सूनचे अंदाज संगणकाच्या ज्या प्रतिरूपांवर बेततात, ती प्रतिरूपं खरी की खोटी, हे तपासायला भूतकाळच लागतो. जे प्रतिरूप कालचं हवामान नीट सांगू शकत नाही, त्याच्या उद्याच्या भाकितावर आपण पेरणीचा, धरणाचा, पीकविम्याचा निर्णय कसा सोपवायचा?

आमटीच्या शेवटच्या वाटीत डाळ किती उरली, यावरून पंगत केवढी होती ते सांगता येतं. पण त्यासाठी ती वाटी कोणीतरी न सांडता जपली पाहिजे, आणि तिच्यातले दाणे प्रामाणिकपणे मोजले पाहिजेत. ध्रुवावरच्या वाट्या अजून भरलेल्या आहेत. हिमालयातल्या मात्र आपल्या डोळ्यांदेखत सांडतायत.

आपल्यापैकी कोणाची मुलं, नातवंडं विज्ञान शिकत असतील, तर त्यांना एकदा जरूर सांगा की या कामासाठी परदेशीच जावं लागतं असं नाही. गोव्यात, पुण्यात, अहमदाबादेत हे काम चालतं. आणि त्यासाठी लागणारा पहिला गुण हुशारी हा नसून, बाटलीचं झाकण दर वेळी घट्ट लावण्याची शिस्त हा आहे.